न मोडलेली काडी

वसईच्या माणसाला परभणीकडं धाडणं म्हणजे केळीचा कोंब कपाशीच्या काळ्या रानात लावण्यासारखं. फादर बस्त्याव रुमाव यांना तसं धाडलं, आणि ते निमूट आले. का, कशाला, दुसरं कुणी नव्हतं का, असं एका शब्दानं विचारलं नाही. धर्मगुरूची दीक्षा घेताना माणूस आपले जोडलेले हात बिशपच्या हातात देतो आणि आज्ञा पाळीन असं वचन देतो. ते वचन सगळेच देतात आणि पुढं आपापल्या सोयीनं वाकवतात. बस्त्यावांनी मात्र ते जसंच्या तसं धरून ठेवलं. त्यांची आई वसईच्या बाजारात केळी विकायची. मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही तिची एकच शिकवण. पोरानं शब्द असा झेलला की पुढं दुसरं काही धरायला हात मोकळा उरला नाही.

पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. निजाम गेला होता, नवं सरकार आलं होतं, आणि दोन्हींत फरक काय तो लोक अजून चाचपून बघत होते. पिंगळी स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर, गावाच्या उतरणीला, मांगवाडा होता. पूर्वी एका दुष्काळात तिथं इटलीचे एक म्हातारे फादर आले. त्यांनी औषध दिलं, जोंधळा दिला, ताप आलेल्या पोरांच्या उशाशी बसले, आणि अर्धा वाडा ख्रिस्ती झाला. झाला तो बाप्तिस्म्याच्या पाण्यापुरता. बाकी सगळं जिथल्या तिथं राहिलं. पुरुष घायपाताचे दोर वळायचे, बाया शिंदीच्या केरसुण्या बांधायच्या, लग्नात हळद लागायची नि हलगी वाजायची. थोरल्या फादरांनी ठेवलेली आग्नेस, मार्था, पावलू ही नावं रविवारच्या धुतल्या कपड्यांसारखी होती. सोमवार उजाडला की पुन्हा दैवशाला, पारूबाई आणि आसाराम.

हे थोरले फादर वारले आणि त्यांच्या जागी बस्त्याव आले. वाड्यानं त्यांना फादरबाबा केलं. सुरुवातीला त्यांचं वसईचं बोलणं ऐकून बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. वर्षभरात तेच 'कामून' आणि 'लय' म्हणायला लागले, तेव्हा हसणं थांबलं आणि जवारीच्या भाकरी यायला लागल्या.

पहिल्याच रविवारी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, लोक वेदीपुढं गुडघे टेकून पवित्र भाकर जिभेवर घेत. वाड्यातले लोक तिला पांढरी भाकर म्हणत. एक तरणी बाई मात्र दाराशीच उभी राहिली. कडेवर पोर होतं. देऊळ, म्हणजे वाडा त्या पत्र्याच्या चर्चला देऊळच म्हणायचा, सकाळी तिनंच झाडलं होतं. वेदीवरची झेंडूची फुलं तिनंच लावली होती. लॅटिनमधली उत्तरंही सगळ्यांत मोठ्या आवाजात तीच देत होती, अर्थ न कळता पण एक अक्षर न चुकता. मिस्सा संपल्यावर फादरांनी तिला विचारलं, "तू पुढे का नाही आलीस?"

"मी पाटाची हाय, फादरबाबा," ती म्हणाली. आपल्याला ताप आहे हे जितक्या साधेपणानं सांगावं, तितक्या साधेपणानं.

ही दैवशाला. थोरल्या फादरांनी तिचं लग्न जिंतूरकडच्या भुजंग नावाच्या पोराशी लावलं होतं. रझाकारांच्या धामधुमीत जो तो वाट फुटेल तिकडं पळाला, त्यात भुजंग मुंबईला गेला, गिरणीत लागला, दुसरी बाई केली, आणि मी काही आता येत न्हाई असा निरोप धाडून मोकळा झाला. मग वाड्याच्या पंचांनी आपल्या रीतीनं निवाडा केला. पंचांपुढं काडी धरायची आणि मोडायची. मोडली की नवराबायको सुटले. भुजंगाच्या वतीनं त्याच्या भावानं काडी मोडली आणि दैवशालाचा आसारामशी पाट लागला. आसारामची पहिली बायको देवाघरी गेलेली, स्वभावानं गरीब, दोर वळणारा माणूस.

चर्चच्या लेखी मात्र देवापुढं बांधलेली गाठ काडीनं सुटत नाही. भुजंग जिवंत आहे तोवर दैवशाला भुजंगाची. आसारामच्या घरात ती पापात राहते. तिला पांढरी भाकर नाही, आणि मेल्यावर मिशनच्या आशीर्वादित मातीत जागा नाही. थोरल्या फादरांनी हा नियम पाळला होता, आणि नव्या फादरांनीही तो पाळला. वाईट वाटलं, पण पाळला.

वाईट वाटणं मात्र दिवसेंदिवस वाढत गेलं, त्याला फादरांचा इलाज नव्हता. दोर वळायला दोन माणसं लागतात. एका टोकाला चाक फिरवणारा, दुसऱ्या टोकाला पीळ धरून मागं मागं सरकणारा. आसाराम मागं सरकायचा आणि चाकावर दैवशाला असायची. ती दमली की तो न सांगता थांबायचा, तंबाखू मळायचा, जणू आपल्यालाच थांबायचं होतं. फादर ते येता-जाता पाहायचे. वाड्यात चर्चनं बांधलेल्या गाठीही होत्या. त्यांतल्या काही रोज दारूच्या वासासकट बायकोच्या पाठीवर सुटायच्या. त्या बायका रविवारी वेदीपुढं येत, त्यांचे नवरेही येत, आणि फादर दोघांच्या जिभेवर भाकर ठेवत. दैवशाला दाराशीच. हे कुठंतरी चुकतंय असं फादरांना वाटायला लागलं, आणि असं वाटणं हेच पाप की काय, याचीही भीती वाटायला लागली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

मग एक दिवस दार किलकिलं झालं. दैवशालाची आई पारूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि फादर उंबऱ्यावर बसून चहा पीत होते. म्हातारी रंगात आली होती.

"लगीन कसलं, फादरबाबा! पोर लगनात झोपली की वो. म्या खांद्याला धरून उभी केली थोरल्या फादरांपुढं. दूधनेला लोंढा आला त्या सालची पोर ती. दात पडून दोन हिवाळं झालं नव्हतं. पण अंगानं थोराड, नि थोरल्या फादरांची नजर मंद. त्यायनी इचारलं, शहाणी झाली का? म्या म्हणलं, झाली. ठिकाण चांगलं व्हतं, हातचं कामून सोडायचं?"

फादरांच्या हातातला चहा तसाच राहिला. चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न चर्च लग्नच मानत नाही. ते मोडावं लागत नाही, कारण ते झालेलंच नसतं. म्हणजे दैवशाला भुजंगाची कधी नव्हतीच. म्हणजे ती मोकळी होती, आसारामबरोबर वेदीपुढं उभी राहू शकत होती. फादर त्या दिवशी घरी चालत गेले नाहीत, जवळजवळ पळतच गेले, आणि बिशपसाहेबांना सगळं कळवलं.

दैवशालाला त्यांनी एवढंच सांगितलं, की चौकशी होईल, थोडी आशा धर. तिनं मान हलवली. त्या रविवारी वेदीवर झेंडू जरा जास्तच होता.

बिशपसाहेबांचा हुकूम आला. चौकशीला एक फादर येतील, शपथेवर जबान्या घेतील. तोवर फादर रुमाव यांनी कुठल्याही साक्षीदाराशी या विषयावर अवाक्षर बोलू नये. साक्षीदार पढवलेला आहे असा संशयही यायला नको. नियम शहाणपणाचा होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फादरांनी तो डोळ्यांना लावला.

आणि नेमक्या त्याच सुमारास बाजारात एक बातमी फिरत होती. नव्या सरकारचा नवा फौजदार लहान पोरींची लग्नं लावणाऱ्यांना धरतोय. चारठाण्याकडं कुणा पोरीच्या बापाला लग्नातूनच उचलून नेलं म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण रझाकारांच्या दिवसांत वाड्यानं एक धडा गिरवला होता, की प्रश्न विचारणारा आला की अंग चोरायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि पारूबाईचं तोंड चांगलंच पोळलं होतं. तिचा नवरा अशाच एका विचारपुशीत गेला होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती मिशनच्या ओसरीवर आली. डोईवर केरसुण्यांचा भारा तसाच होता.

"फादरबाबा, उद्या काय इचारणार हायत?"

"विचारतील ते विचारतील. खरं असेल ते सांगा."

"संगं फौजदार हाय का?"

आता इथं एक वाक्य पुरलं असतं. फौजदार नाही, कुणी धरून नेणार नाही, उलट पोरीचं वय खरं सांगितलंत तर पोर सुटेल. फादरांच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण हुकूम होता. साक्षीदाराशी अवाक्षर नाही. फादरांनी मान वळवली आणि आवारातल्या लिंबाकडं बघत म्हणाले, "पारूबाई, मला यावर बोलता येत नाही."

म्हातारी भारा सावरून निघून गेली. फादरांना वाटलं, आपण वचन पाळलं. तिला काय वाटलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

चौकशीचे फादर स्टेशनावरून टांग्यानं आले. उंच, धारदार नाकाचे, उन्हासाठी खाकी हॅट घातलेले, आणि बरोबर लिहून घेणारा कारकून. माणूस वाईट नव्हता. पण खाकी हॅट ती खाकी हॅट. चर्चमध्ये टेबल टाकलं. बस्त्यावांना आत बसायची मुभा नव्हती. ते बाहेर ओसरीवर बसले. खिडकी उघडी होती.

पारूबाईनं पवित्र ग्रंथावर हात ठेवला.

"मुलीचं पहिलं लग्न झालं तेव्हा तिचं वय काय होतं, बाई?"

"सोळा सरून सतरावं लागलं व्हतं, सायेब," पारूबाई ठणकावून म्हणाली. "चांगली जाणती व्हती. आमी कायद्यानं वागणारी मानसं."

सुईण झुंबरबाई तिच्या मागं उभीच होती. पारूबाई सतरा म्हणाली तर आपण मागं कशाला राहा, म्हणून तिनं अठरा सांगितलं. ओसरीवर फादर बस्त्याव डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते. उठून आत जावं, ओरडावं, असं वाटलं. उठले नाहीत.

निकाल व्हायचा तोच झाला. चुलीपुढं ऐकलेलं बोलणं आणि शपथेवरची जबानी यांत शपथ मोठी. फादर पुढं एकदाच, आपणहून, बिशपसाहेबांना भेटायला गेले. बिशपसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला वाटतं ते खरंही असेल, फादर," ते म्हणाले, "पण एकेकाच्या वाटण्यावर चर्च चालायला लागलं, तर उद्या कुठलीच गाठ टिकणार नाही. पाळाल ना?" फादर बस्त्याव म्हणाले, "पाळीन." येताना गाडीत त्यांना रडू आलं. समोरचा शेतकरी घाबरला आणि त्यानं त्यांना तांब्यातलं पाणी दिलं.

आता बोलायला बंदी नव्हती. फादरांनी पारूबाईला गाठून सगळं समजावलं. कुणी धरणार नाही, जबानी बदला, पोर सुटेल. म्हातारीनं कानांवर हात ठेवले.

"म्या कवा म्हणलं पोर ल्हान व्हती? म्हातारीचं काय मनावर घेता! शपत घेतलीय. आता फिरले तर दुप्पट सजा."

"सजा नाही हो, पारूबाई. फौजदाराचा काही संबंधच नाही यात."

"मग तवा कामून सांगितलं न्हाई?" ती म्हणाली. "इचारलं तर तोंड फिरवलंत. तवाच म्या वळखलं, काही तरी हाय."

फादरांच्या गप्प बसण्यानंच म्हातारीची भीती पक्की केली होती. आज्ञा पाळली होती खरी, पण ती पाळण्याची किंमत भलत्याच बाईनं चुकवली होती.

दैवशालाला जेव्हा कळलं तेव्हा ती केरसुणी बांधत होती. तिनं गाठ पुरी आवळली. "आई भेली," ती म्हणाली. "तिला काही बोलू नका." आणि पुढच्या रविवारी ती देऊळ झाडायला आलीच.

पुढं काही वर्षांनी तिला क्षय झाला, तो कधीचा आत होता कोण जाणे. आधी खोकला, मग बारीक ताप, मग चाकावर बसणं सुटलं. आसारामनं परभणीच्या दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. दोर वळायला आता दुसरं माणूस नव्हतं. त्यानं चाक खुंटाला बांधून एकट्यानं काहीतरी जमवलं, पण दोर नीट पिळायचा नाही. पोरांना पारूबाई सांभाळायची. चैत्रात, भर उन्हाच्या दिवसांत, दैवशालानं आसारामला सांगितलं, फादरबाबाला बोलव. पांढरी भाकर पाहिजे.

मरणाच्या दारातल्या माणसासाठी चर्चही दार अगदी लावून घेत नाही. पण एक अट होती. तिनं आसारामला मनानं सोडायला हवं होतं. यापुढं मी याची बायको नाही, एवढं म्हणायला हवं होतं. फादरांनी पवित्र भाकर लहानशा डबीत घालून छातीशी धरली आणि भर दुपारी निघाले. ते जाताना दिसले तशी माणसं दारादारांत गुडघ्यांवर बसली. फादर मनात एकच विनवणी करत होते, की तिनं म्हणावं, देवा, तिनं एवढं म्हणावं.

खोपटात अंधार होता. ती बाजेवर नव्हती, खाली वाकळेवर होती. हाडं उरली होती आणि डोळे. फादर शेजारी बसले. डबी त्यांनी पांढऱ्या फडक्यावर ठेवली.

"दैवशाला, एकच शब्द आहे. आसारामला सोडलं म्हण. म्हण नि मोकळी हो."

दाराशी उभा असलेला आसाराम आधी बोलला.

"म्हण की. मी काय परका हाय? मला राग न्हाई यायचा. म्हण."

ती आढ्याकडं बघत राहिली. तेव्हा त्या माणसानं जे केलं, ते फादर बस्त्याव जन्मभर विसरले नाहीत. कोपऱ्यात तिनंच बांधलेली केरसुणी उभी होती. आसारामनं तिच्यातली एक काडी उपसली. बायकोच्या शेजारी टेकला आणि काडी तिच्या हातात दिली. वाड्याच्या रीतीत ही काडी भांडणानं मोडतात, शिव्या देत मोडतात, तोंडावर फेकतात. आसारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मोड," तो म्हणाला. "पंच न्हाईत तर न्हाईत, फादरबाबा हायत. तुला बोलवत नसल तर नको बोलू. मोड नुसती. नि खा तुझी भाकर."

दैवशालानं काडी बोटांत धरली. तिच्या हातात तेवढं बळ होतं. केरसुणीची काडी ती, पोरसुद्धा मोडील. तिनं ती डोळ्यांपुढं धरली, जरा वेळ पाहिली, आणि तशीच अख्खी आसारामच्या हातात परत दिली.

"दैवशाला," फादर म्हणाले. "तू याला सोडलंस?"

"न्हाई," ती म्हणाली. "देवापुढं खोटं बोलू का, फादरबाबा?"

मग तिनं तोंड उघडलं आणि जीभ थोडी पुढं केली, वेदीपुढं बाकीचे करायचे तशी. इतकी वर्षं दाराशी उभी राहून तिनं तेवढं पाहून ठेवलं होतं.

फादरांच्या मनात तसूभर शंका नव्हती. ही बाई निर्मळ आहे, हे लग्नच खरं आहे, देव हिला नाही म्हणणार नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. आणि त्यांचे हात, दीक्षेच्या दिवशी दुसऱ्याच्या हातात दिलेले हात, डबीकडं गेले, डबी त्यांनी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि छातीशी धरली. "मी प्रार्थना करतो तुझ्यासाठी," ते म्हणाले. दैवशालानं तोंड मिटलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ते परत निघाले तेव्हा दारादारांतली माणसं पुन्हा गुडघ्यांवर बसली, कारण भाकर अजून डबीतच होती. सगळ्यांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी दैवशाला गेली. तिला मिशनच्या जागेबाहेर, बाभळीखाली पुरलं. फादर गळ्यात धर्मगुरूची पट्टी न घालता, साध्या माणसासारखे, मागं उभे राहिले. त्यांना प्रार्थना म्हणता येत नव्हती, म्हणून वाड्यातल्या बायांनी म्हटली. लॅटिनची अक्षरं त्या चुकत होत्या, कारण न चुकणारी खाली मातीत होती.

त्या साली राज्याची पुन्हा उलथापालथ झाली. परभणी हैदराबादेकडून निघून मुंबई राज्यात गेली. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले, तो फौजदारही कुठंसा गेला. सुगीच्या दिवसांत एका सकाळी पारूबाई ओसरीवर येऊन बसली. आता ती एकदम म्हातारी दिसत होती.

"फादरबाबा, पोर ल्हान व्हती. म्या शपतेवर खोटं बोलले. त्या हॅटवाल्याला बोलवा. आता मला नेलं तर नेऊ द्या, मागं रडायला कोण हाय! पण माझ्या लेकराला आत घ्या. बाभळीखाली एकली पडलीय."

हॅटवाले फादर पुन्हा आले. या खेपेला पारूबाईनं सगळं सांगितलं. झुंबरबाईनं दूधनेच्या लोंढ्यापासून पडलेल्या दातांपर्यंत सगळं जुळवून दिलं. निकाल आला. पहिलं लग्न लग्नच नव्हतं. दैवशाला निर्दोष होती. तिच्या कबरीला आशीर्वाद द्यायला हरकत नव्हती. बैल गेला नि झोपा केला. फादरांनी गळ्यात पट्टी घातली, बाभळीखाली पाणी शिंपडलं आणि सगळी प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. आसाराम दोन्ही पोरांना धरून उभा होता.

लोक पांगले. पारूबाई तिथंच बसून राहिली. मग तिनं विचारलं, आणि फादर कित्येक दिवस याच प्रश्नाला भीत होते.

"म्हंजी, फादरबाबा, तवाच म्या खरं बोलले असते तर? जित्ती असताना भेटली असती का तिला भाकर?"

ज्या माणसानं आयुष्यात खोटं बोलायचं टाळलं, एक मरणारी बाई खोटं बोलत नाही म्हणून तिच्या तोंडातला घास ज्यानं परत नेला, तो त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाही, पारूबाई. तेव्हा नसतीच मिळाली."

"खरं?"

"खरं. तेव्हा चर्चचा कायदा वेगळा होता. राज्य बदललं ना, तसा तोही बदलला. तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी तेव्हा उपयोग नव्हता."

राज्य बदललं की कायदे बदलतात, हे पारूबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं लांब श्वास सोडला. "म्हंजी माझ्यापायी न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि उठली. त्या दिवशी ती पोटभर जेवली असं आसारामनं सांगितलं. आसारामला खरं काय ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. त्यानं फादरांकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि काही विचारलं नाही.

धर्मगुरूलाही आपली पापं दुसऱ्या धर्मगुरूपुढं सांगावी लागतात. फादर बस्त्याव त्यासाठी गाडीनं एका वृद्ध फादरांकडं जायचे. पुढच्या खेपेला त्यांनी गुडघे टेकले आणि सांगितलं, की मी एका म्हातारीला खोटं सांगितलं, चर्चच्या कायद्याबद्दल खोटं सांगितलं. का, तेही सांगितलं.

वृद्ध फादरांनाही वाईट वाटलं असावं. मग ते मायेनं म्हणाले, "लहानसं पाप आहे, बस्त्याव. दया म्हणून केलेलं. पण पश्चात्ताप हवा, नाहीतर मला क्षमा देता येत नाही. वाईट वाटतं म्हणा. एकच शब्द आहे. म्हणा नि मोकळे व्हा."

फादर बस्त्यावांनी मान वर केली. ते शब्द त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी मनात शोधून पाहिलं, अगदी तळापर्यंत, आणि तिथं पश्चात्ताप सापडलाही. तो डबी उचलल्याचा होता. खोटं बोलल्याचा नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

पिंगळीला ते आणखी तीन वर्षं होते, मग वरून हुकूम आला तसे दुसरीकडं गेले. दर महिन्याला ते त्या वृद्ध फादरांपुढं गुडघे टेकत, बाकीची पापं सांगत, त्यांची क्षमा घेत. या एका पापाबद्दल ते फादर दर वेळी विचारत, आणि बस्त्याव दर वेळी तेवढाच शब्द बोलून, क्षमा न घेता, स्टेशनाकडं चालत जात.